नाण्याची तिसरी बाजू: कडेला घाव लागला की ग्रेडिंगमध्ये काय होतं?

(हा आमच्या पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर. अडखळलेली वाक्यं तेवढी काढलीत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

नवीन असाल तर सांगतो, मी दिवसा कोड लिहितो आणि रात्री जुनी नाणी बघत बसतो. मागच्या महिन्यात सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच होता: 'दादा, आजीकडे राणीछाप रुपया आहे, ग्रेडिंगला पाठवू का?' सोबत दोन फोटो, एक राणीचा आणि एक मागच्या बाजूचा. मी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, तिसरा फोटो पाठवा. बहुतेकांनी विचारलं, तिसरा कसला? म्हणून आजचा भाग.

तिसरी बाजू कोणती

आपण म्हणतो छापा की काटा. दोनच बाजू. पण टेबलावर नाणं उभं केलं की ते ज्यावर उभं राहतं ती तिसरी बाजू, म्हणजे कड. इंग्रजीत एज. आणि छाप्याच्या भोवती जो उंचावलेला गोल बांध असतो ना, ज्यामुळे आतलं चित्र घासलं जात नाही, तो काठ. इंग्रजीत रिम. कड आणि काठ हे शब्द आज मी या दोन अर्थांनीच वापरणार आहे, कारण ग्रेडिंगवाले या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासतात.

हातात कुठलंही नाणं असेल तर बोटाने त्याची कड फिरवून बघा. काहींची गुळगुळीत, काहींची दातेरी. पाच रुपयांचं जुनं, जाड, पांढरं नाणं कुठे डब्यात पडलं असेल तर ते आवर्जून बघा. त्याच्या कडेवर उभे दात आहेत आणि मधोमध एक खोबण गोल फिरते. याला सिक्युरिटी एज म्हणतात.

हे दात नक्षीसाठी नाहीत

चांदीचा रुपया हा मुळात चांदीचा वजनदार तुकडा होता. ब्रिटिश काळातला प्रमाण रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. सोनाराकडे आपण जो 'तोळा' म्हणतो तो हाच, ११.६६ ग्रॅमचा जुना तोळा. नाणं म्हणजेच वजन, वजन म्हणजेच पैसा.

मग चोर काय करायचा? कडेवरून कानस फिरवायची, थोडा चुरा काढायचा आणि रुपया पुन्हा रुपया म्हणून चालवायचा. शंभर रुपयांतून थोडं थोडं काढलं की चांगली चांदी गोळा. हा जगभरचा रोग. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात नाणी कातरणाऱ्यांना फाशी व्हायची, तरी कातरणं थांबेना. शेवटी १६९६ मध्ये जुनी नाणी गोळा करून नवी पाडायची मोठी मोहीम काढावी लागली, आणि त्याच वर्षी तिथल्या टांकसाळीत कामाला लागलेला माणूस म्हणजे आयझॅक न्यूटन. हो, तोच. उपाय म्हणजे यंत्रावर पाडलेली, कडेवर दात किंवा अक्षरं असलेली नाणी. दात घासले गेले की चोरी उघड.

आपल्याकडे मुंबईची टांकसाळ १८२९ पासूनची. मालाडहून चर्चगेट लोकल पकडून फोर्टात गेलात तर रिझर्व्ह बँकेसमोर ती अजून उभी आहे. यंत्रावर पाडलेल्या रुपयाला लोक 'कलदार' म्हणायला लागले. कल म्हणजे यंत्र. ज्याची गोलाई चोख आणि कड दातेरी, तो कलदार.

माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर कड म्हणजे चेकसम. फाइल कोणी मधेच बदलली का हे जसं चेकसम सांगतं, तसं नाण्यातलं धातू कोणी काढलं का हे कड सांगते. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे, म्हणून पुन्हा ऐका: कड ही नाण्याच्या खरेपणाची आणि पूर्णपणाची साक्ष आहे. ग्रेडर कडेकडे त्या नजरेने बघतो.

कायदाही तसाच बघायचा. १९०६ च्या नाणे कायद्यात रुपया प्रमाण वजनापेक्षा २ टक्क्यांहून जास्त हलका झाला तर तो कायदेशीर चलन राहत नव्हता. हिशोब करा, ११.६६ चे २ टक्के म्हणजे पाव ग्रॅमपेक्षाही कमी! आणि गंमत अशी की वापरून वापरून झिजलेला रुपया आणि मुद्दाम खरवडलेला रुपया यांत कायदा फरक करत होता. झिजलेल्याशी तो सौम्य, फसवणुकीने विद्रूप केलेल्याशी कडक. हा फरक लक्षात ठेवा, कारण ग्रेडिंगचा गाभा हाच आहे.

पुढे १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. तेव्हाच सहाव्या जॉर्जच्या रुपयाला ती खोबणीवाली सिक्युरिटी एज आली. साधे दात एक वेळ कानशीने पुन्हा पाडता येतील, दातांच्या मधली खोबण पाडणं अवघड.

ग्रेडिंगचा अंक कसा ठरतो

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी झटपट. नाणं खरं आहे का आणि किती चांगल्या अवस्थेत आहे, हे तिऱ्हाईत कंपनीने तपासून सांगायचं आणि पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून द्यायचं, याला व्यावसायिक ग्रेडिंग म्हणतात. डबीला स्लॅब म्हणतात. जगात दोन मोठी नावं, दोन्ही अमेरिकेची: पीसीजीएस १९८६ मध्ये सुरू झाली, एनजीसी १९८७ मध्ये.

अंक १ ते ७०. ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या सेंट नाण्यांसाठी मांडली, पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागली. ६० ते ७० म्हणजे एमएस, कधी चलनात न फिरलेलं नाणं. ५० ते ५८ एयू, जेमतेम फिरलेलं. ४० आणि ४५ एक्सएफ. २० ते ३५ व्हीएफ. त्याखाली आणखी झिजलेली. अगदी १ अंकाचं नाणंही 'पास' असतं, फक्त चेहरा जवळजवळ पुसलेला असतो.

आता खरा मुद्दा. नव्या लोकांना वाटतं की कडेला घाव असेल तर ४५ चे ४० होतील, फार तर ३०. छोट्या टोच्यांचं तसं होतं. पण घाव मोठा असेल किंवा माणसाने मुद्दाम केलेला असेल, तर अंक कमी होत नाही. अंकच मिळत नाही. लेबलवर येतं 'एक्सएफ डीटेल्स' आणि त्यापुढे कारण: काठ कानसलेला, कडी काढलेली, कडेला इजा. म्हणजे चेहऱ्यावरचं काम एक्सएफ दर्जाचं दिसतंय, पण या नाण्याला आम्ही अंक देत नाही. पीसीजीएसकडे यासाठी आकडी कोड आहेत: कानसलेल्या काठासाठी ८२, भोक पाडलेल्या किंवा बुजवलेल्यासाठी ८४, इतर इजेसाठी ९८. हे ९८ बघून एखादा खूश होतो, शंभरपैकी ९८ मिळाले म्हणून! तो एरर कोड आहे रे बाबा.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना लगेच कळेल. इथे स्कोअर कमी आलेला नाही, स्कोअरच्या रकान्यात संख्या नाहीच. आणि बाजारात लोक संख्येची तुलना करतात. ज्याला संख्या नाही त्याची प्रत्येक वेळी घासाघीस होते.

आपल्या भाषेत यासाठी जुना शब्द आहे, बट्टा. पूर्वी सराफ परगावचं, झिजलेलं, कमी वजनाचं नाणं घेताना किमतीतून जी रक्कम कापून घ्यायचा तो बट्टा. 'नावाला बट्टा लागला' म्हणतो ना, तो याच बाजारातला. डीटेल्स म्हणजे आजचा बट्टा.

इतकी कडक शिक्षा का?

दोन कारणं.

पहिलं, ते चेकसमवालं. झीज ही नाण्याच्या आयुष्याचा भाग आहे. हजार हातांतून गेलं, झिजलं, प्रामाणिकपणे झिजलं. कानस मात्र कोणीतरी उचलून लावलेली असते. कधी चांदी चोरायला, कधी जुना घाव लपवायला, कधी दागिन्यात बसवायला. हेतू काही असो, नाणं टांकसाळीतून बाहेर पडलं तसं राहिलं नाही. ३० आणि ४० मधला फरक झिजेचा असतो. घडवून आणलेला बदल त्या पट्टीवर बसतच नाही.

दुसरं कारण जरा कमी लोकांच्या लक्षात येतं. नेहमीच्या स्लॅबमध्ये नाण्याभोवती गोल कडं असतं, त्यामुळे कड दिसत नाही. कड दिसावी म्हणून नाण्याला काही टेकूंवर धरणारे होल्डरही असतात, पण सगळी नाणी त्यात नसतात. म्हणजे डबी बंद झाली की विकत घेणारा छापा बघू शकतो, काटा बघू शकतो, तिसरी बाजू नाही. तिथे तो पूर्णपणे ग्रेडरच्या डोळ्यांवर विसंबून असतो. डबीत लपणारी बाजू ग्रेडरने ढिलाईने तपासली तर अख्ख्या लेबलवरचा विश्वास जाईल.

कडेचे घाव ओळखूया

एक, टोचा. नाणं फरशीवर पडलं, काठाला बारीक खड्डा. चलनात फिरलेल्या नाण्यावर असे एक-दोन टोचे चालतात, अंक थोडा खाली येतो इतकंच. पण टोचा खोल असेल, काठ आत वाकून छाप्यापर्यंत आला असेल, तर डीटेल्स. मोठ्या, जड नाण्यांना हे जास्त होतं, कारण पडताना त्यांचंच वजन त्यांना मारतं.

दोन, कानस. दात एका जागी अचानक बोथट किंवा गायब, आणि भिंगाखाली आडव्या बारीक रेघा. नैसर्गिक झीज सगळ्या घेरावर साधारण सारखी असते आणि मऊ दिसते. कानशीचा भाग सपाट, तुकड्यापुरता आणि बाकी कडेपेक्षा वेगळ्या चमकीचा.

तीन, कडी आणि झाळ. पदकासारखं गळ्यात घालायला वरच्या बाजूला कडी डाख देऊन बसवलेली. कडी काढली तरी तिथे धातूचा फुगवटा, काळपट किंवा पिवळसर डाग आणि बुजलेले दात राहतात. लेबलवर हे 'माउंट रिमूव्हड' म्हणून येतं.

चार, भोक. यावर बोलायला नको. बुजवलेलं भोक मात्र फसवतं. चेहऱ्यावर सोनाराने छान नक्षी जुळवलेली असते, पण भोक काठाजवळ असेल तर तिथला काठ आणि दात बहुतेक वेळा खोटं बोलू शकत नाहीत.

पाच, छेद. आत खरोखर चांदी आहे का हे बघायला जुन्या सराफाने कडेला मारलेली छिन्नी.

आणि एक महत्त्वाचा अपवाद. शिवराई किंवा मुघल रुपयासारखी हाताने पाडलेली नाणी या हिशोबात बसत नाहीत. त्यांना दात नव्हतेच. धातूचा तुकडा ठशांमध्ये ठेवून हातोडा मारला की तो कसाही पसरायचा, कडेला चीरही जायची. तांब्याची शिवराई वाकडीतिकडी आहे म्हणून कोणी बाद करत नाही, ती जन्मतःच तशी आहे. प्रत्येक नाण्याला त्याच्या जातीच्या मापाने मोजतात. म्हणून शिवराईची कड 'नीट गोल' करायला गेलात तर चांगल्या नाण्याला स्वतःच्या हाताने बट्टा लावाल.

मावशीची माळ

आता एक घरचं उदाहरण. माझी मावशी संतोष नगरला राहते. तिच्याकडे तिच्या आजेसासूची रुपयांची माळ आहे. पाचव्या जॉर्जचे आठ रुपये, १९१२ ते १९१९ मधले, प्रत्येकाला वर कडी. त्याशिवाय डबीत सुटा ठेवलेला एक रुपया, १९०१ चा, व्हिक्टोरियाचा. घराच्या डिपॉझिटसाठी पैसे कमी पडत होते, आणि कोणीतरी तिला व्हॉट्सअपवर व्हिडिओ पाठवला होता की असा एकेक रुपया लाखाला जातो. ओळखीच्या सोनाराने सांगितलं, कड्या काढून, काठ घासून, पॉलिश मारून देतो, नवीन दिसतील. मावशीने फोन केला, 'अरे, देऊ का त्याच्याकडे? तू बघतोस ना ते नाण्यांचं.'

मी म्हटलं, 'मावशी, आधी मी येतो. तोवर कशालाच हात लावू नकोस.'

बघितलं तर माळेतले रुपये चेहऱ्याने सुरेख. राजाच्या झग्यावरचा बारीक हत्तीसुद्धा स्पष्ट. कारण उघड आहे, ते लवकरच बाजारातून निघून माळेत गेले आणि सणावाराला तेवढे बाहेर आले. सुटा १९०१ चा मात्र भरपूर फिरलेला, राणीचे केस सपाट झालेले. मावशीला वाटत होतं तो सगळ्यात टाकाऊ.

ग्रेडरच्या टेबलावर उलटं होईल. झिजलेल्या राणीची कड सगळीकडून सारखी, दात मऊ पण शाबूत, कुठे झाळ नाही. तिला साधाच, पण अंक मिळेल. माळेतले देखणे आठ राजे मात्र एका रांगेत डीटेल्स. शंभर बाजार फिरलेली पास, कपाटात राहिलेले नापास.

आणि सोनाराचा उपाय? कडी काढली तरी झाळेची खूण राहणार. ती घालवायला काठ घासला की कानशीची भर. वर पॉलिश मारलं की पृष्ठभागही गेला, त्याचंही वेगळं कारण लेबलवर लिहिलं जातं. एका दोषाचे तीन दोष. शिवाय माळ मोडली ती मोडलीच. त्याने वाईट हेतूने सांगितलं असं मी म्हणणार नाही. दागिना चमकवणं हे त्याचं काम, त्या नजरेने तो बरोबर आहे. नाण्याचा हिशोब वेगळा आहे एवढंच.

मी मावशीला पाटीवर मांडून दाखवलं. पाचव्या जॉर्जचे त्या वर्षांतले रुपये कोट्यवधींनी पाडले गेले, त्यामुळे कडी लागलेल्याला जवळपास चांदीचाच भाव. लाखाचं स्वप्न त्यात नाही. पण अखंड माळ म्हणून तिला दागिन्याची किंमत आहे, आणि घरातल्या तीन पिढ्यांच्या बायकांनी ती घातली आहे. मावशी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'म्हणजे डिपॉझिटचं दुसरीकडून बघायला हवं.' हो, तसंच होतं. हे सांगताना मला बरं वाटलं नाही, पण माळ मोडून, पॉलिशचे पैसे देऊन, वर अमेरिकेची फी भरून तिला हे कळलं असतं तर ते फार वाईट झालं असतं.

तसं बघितलं तर नाणी दागिन्यात घालायची आपली सवय फार जुनी. पुतळ्यांची माळ आठवा. व्हेनिसच्या सोन्याच्या डकॅट नाण्यावर माणसांच्या आकृत्या, म्हणून आपल्याकडे त्याचं नाव पुतळी, आणि त्यावरून माळेचं. त्या बायकांनी नाणं खराब केलं असं म्हणणं चूक आहे. त्यांच्यासाठी ती अंगावरची बचत होती. ग्रेडिंगचा अंक हा नाण्याचा एक हिशोब आहे, एकमेव नाही.

टांकसाळीची चूक म्हणजे इजा नव्हे

आता उलट बाजू. कड विचित्र दिसली म्हणून लगेच टाकून देऊ नका.

यंत्रावर नाणं पाडताना कोऱ्या चकतीचा काठ आधी दाबून उचलतात. मग ती चकती एका पोलादी कड्यात बसते, त्याला कॉलर म्हणतात. वरून-खालून ठसे आपटले की धातू बाहेर पसरू बघतो, कॉलर त्याला अडवते, आणि कॉलरच्या आतले दात कडेवर उमटतात. म्हणजे छापा, काटा आणि कड, तिन्ही एकाच ठोक्यात.

कॉलर नीट वर आली नाही तर? अर्ध्या जाडीवर दात, अर्धी कड साधी. कॉलर नव्हतीच तर नाणं पसरट आणि बिनदातांचं. चकती कापतानाच पत्र्यातल्या आधीच्या भोकावर थोडी चढली तर नाण्याला चंद्रकोरीसारखा चावा. या सगळ्या टांकसाळीतल्या चुका. ग्रेडिंगमध्ये त्यांना 'मिंट एरर' म्हणून अंकासकट लेबल मिळतं, आणि अशी नाणी अनेकदा साध्या नाण्यापेक्षा महाग जातात.

मग घरी कातरलेलं नाणं आणि टांकसाळीत चावा बसलेलं नाणं वेगळं कसं ओळखायचं? चाव्याच्या बरोबर समोरच्या बाजूचा काठ बघा. चकती अपुरी असेल तर काठ उचलताना चाव्याच्या जागी दाब मिळत नाही, म्हणून समोरचा काठही पुसट राहतो. याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. नंतर घरी कातरलेल्या नाण्याचा समोरचा काठ ठणठणीत असतो. पुन्हा तेच, कड साक्ष देते. ही खूण प्रत्येक वेळी दिसेलच असं नाही, पण दिसली तर पुरावा भक्कम.

मोबाइलवर तपासणी, पाच मिनिटांत

आधी टेबलावर मऊ कापड पसरा, म्हणजे नाणं निसटलं तरी टोचा पडणार नाही. नाणं अंगठा आणि तर्जनीत कडेने धरा, चेहऱ्याला बोट नको.

मग नाणं घड्याळ समजा. बाराच्या जागी, तीनच्या, सहाच्या आणि नऊच्या जागी कडेचा एकेक फोटो. टॉर्च समोरून नको, बाजूने तिरका. तिरक्या उजेडात दातांच्या सावल्या पडतात आणि कुठे सावली तुटते ते लगेच दिसतं. बाराच्या जागी विशेष लक्ष द्या, कडी बहुतेक तिथेच असते. म्हणजे राजाच्या मुकुटाच्या वर.

मग वजन. दोन दशांश दाखवणारा छोटा काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. रुपया ११.६६ च्या थोडा खाली असेल तर झीज. चेहरा कोरा करकरीत आणि वजन मात्र बरंच कमी, तर एक तर कडेवरून काही गेलंय किंवा नाणंच खोटं. झाळ असेल तर वजन उलट जास्तही भरतं.

काय करायचं नाही: कानस, टूथपेस्ट, चिंच, लिंबू, पितांबरी, काहीही नको. वाकलेला काठ पक्कडीने सरळ नको. ठेवायला मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत, काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. सुती कापड किंवा पॉलिस्टरची कडक पाकिटं बरी.

आणि इन्स्टावर किंवा एखाद्या ग्रुपवर नाणं विकत घेत असाल तर विकणाऱ्याकडे कडेचा व्हिडिओ मागा, पूर्ण एक फेरी. पुठ्ठ्याच्या स्टेपल केलेल्या चौकटीत नाणं असेल तर कड त्यातच लपते, बाहेर काढून दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

पाठवायचं का?

तीन प्रश्न स्वतःला विचारा.

नाणं दुर्मिळ आहे का? साधं असेल तर फी, विमा आणि टपाल मिळून नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त होईल. फार दुर्मिळ असेल तर डीटेल्स लेबलही उपयोगी, कारण निदान 'खरं आहे' एवढी खात्री तरी मिळते.

कड साफ आहे का? नसेल तर अंकाची आशा सोडून निर्णय घ्या.

आणि नाणं किती जुनं आहे? हा प्रश्न कायद्याचा आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्याप्रमाणे शंभर वर्षांचं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं, आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. राणीछाप रुपया सरळ पाकिटात घालून अमेरिकेला पाठवायचा विचार असेल तर तो इथेच थांबवा.

शेवटी ते लाखांचे व्हिडिओ. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः इशारा दिला होता की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी बँकेच्या नावाने फी, कमिशन किंवा कर मागितला जातोय, आणि बँकेचा अशा व्यवहारांशी काही संबंध नाही. तुमच्याकडून आधी पैसे मागणारा तुमचं नाणं विकत घेणारा नसतो. घरातल्या मोठ्यांना हे एक वाक्य आजच सांगा. माझ्या मावशीला तो व्हिडिओ ज्यांनी पाठवला त्यांनाही तो कोणीतरी पाठवलेलाच होता.

तर मंडळी, आजचा भाग इथपर्यंत. घरात जुनं नाणं असेल तर चार फोटो काढा, चारही कडेचे, आणि नेहमीच्या नंबरवर पाठवा. चांगले निवडून पुढच्या भागात एकेकाची कड मिळून वाचू. तोपर्यंत कानशी ड्रॉवरमध्येच राहू द्या. भेटूया, काळजी घ्या!